शेजारची भट्टी

कोल्हापुरात पक्षकार वकिलाकडं सल्ला विचारायला येतो तो सही करून झाल्यावर. करार चार घड्या घालून शर्टाच्या खिशात असतो, आणि चेहऱ्यावर भाव असा की आता ह्यात काय लिहिलंय तेवढं सांगा म्हणजे आम्ही मोकळे. चोवीस वर्षं मी हे बघते आहे. पहिली काही वर्षं हसायचे, मग रागवायला लागले, आता नुसता चष्मा काढून पुसते. फर्मच्या पाटीखाली 'वरातीमागून घोडं' असं रंगवून घेऊ या, असं मी एकदा माझ्या भागीदाराला म्हणाले होते. तो माझा लॉ कॉलेजातला वर्गमित्र. आभाळ कोसळलं तरी आधी मिसळ संपवणारा. म्हणाला, "रंगव की. निदान पाटीवर तरी खरं लिहिलेलं असेल."

आमची फर्म म्हणजे आम्ही दोघं, एक टायपिस्ट बाई आणि तीन खोल्या. काम सगळं धंदा-व्यापाराचं. खून, घटस्फोट, शेताचे बांध आम्ही घेत नाही. मध्यंतरी एका मोठ्या कंपनीला ह्या जिल्ह्यातल्या कामासाठी वकील नेमायचे होते, त्यांनी आम्हाला एक फॉर्म पाठवला. त्यात एक लांबलचक तक्ता होता. वर लिहिलेलं, 'विविध उद्योगांतील उल्लेखनीय कामे'. खाली रकाने : उद्योग, कामाचं स्वरूप, निकाल, पक्षकाराची लेखी संमती. भागीदारानं फॉर्म माझ्या टेबलावर सरकवला. "तुझी मराठी चांगली, इंग्रजी त्याहून चांगली. भर." आणि गेला.

मी भरायला बसले आणि माझं डोकं फिरलं. उल्लेख करण्यासारखी कामं कमी नव्हती. पण त्यातलं एकही धड त्या रकान्यांत बसेना.

उद्योग, गूळ. आमच्या एका व्यापाऱ्याला परदेशातून मागणी आली. करार मी तीन आठवडे घासून केला. एक किलोचे चौकोनी तुकडे, अमुक रंग, तमुक वेष्टण. ह्या माणसानं पाठवले दहा-दहा किलोचे रवे, म्हणजे अख्ख्या ढेपा. का, तर त्या हंगामातला रवा लई झकास उतरला होता. वर चिठ्ठी, 'खाऊन बघा, मग सांगा'. समोरच्यानं खाऊन बघितलं आणि पुढच्या वर्षीही रवेच मागवले. आता ह्यात वकिलानं काय केलं? उद्योग, चप्पल. कारागिरानं मुंबईच्या एका दुकानाला लिहून दिलं की हा नमुना मी दुसऱ्या कुणालाही देणार नाही, आणि त्याच महिन्यात मेव्हण्याला दिला. मी विचारलं तर मलाच उलटा प्रश्न, "मेव्हणा म्हंजे दुसरा कोन व्हय?" उद्योग, दूध. गडहिंग्लजकडचे दोघे भाऊ, डेअरीचे भागीदार. माझ्यासमोर तासभर कानडीत कडाकडा भांडले आणि शेवटी माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "मिटलं." मी विचारलं, काय ठरलं? धाकटा म्हणाला, "ते घरातलं हाय." दीड दिवस खपून केलेला वाटणीपत्राचा मसुदा मी कपाटात टाकला. तो अजून तिथंच आहे.

मग चौथ्या ओळीवर मी लिहिलं : फौंड्री. आणि पेन थांबलं.

भागीदार मागून वाकून बघत होता. म्हणाला, "ते नको. ते आपण हरलो."

"हरलो नाही," मी म्हणाले, "हरवलं आपल्याला. आपल्याच पक्षकारानं."

ह्या फौंड्रीच्या मालकांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा मला गहिवरून यायचंच बाकी होतं. कारण ते सही करायच्या आधी आले होते. साठीचा माणूस, मूळ कोडोलीकडचा. तरुणपणी दुसऱ्याच्या फौंड्रीत वाळू चाळायला लागले, मग साचे भरायला, आणि वीस वर्षांनी एमआयडीसीत स्वतःची भट्टी. पुण्याच्या एका पंप कंपनीनं त्यांना मोठी ऑर्डर देऊ केली होती. अडतीस पानी करार त्यांनी पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "म्याडम, आमास्नी इंग्रजी येत न्हाय. समदं सांगा. मग सही."

मी समदं सांगितलं. दोन दुपारी लागल्या. त्यातलं एक कलम मी तीनदा सांगितलं. फौंड्रीत कास्टिंग ओतायचं तर आधी पॅटर्न लागतो, म्हणजे वस्तूचा नमुना. वाळूत त्याचा ठसा उठवायचा आणि त्या पोकळीत वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. हे पॅटर्न कंपनीचे होते. कलमात म्हटलं होतं की ते ह्या फौंड्रीच्या बाहेर जाता कामा नयेत, कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाकडं त्यावर ओतकाम होता कामा नये. झालं तर करार तिथल्या तिथं खलास.

"कळलं?" मी विचारलं.

"कळलं की."

"शेजाऱ्यालासुद्धा द्यायचा नाही."

"न्हाय देत."

मला मुद्दाम शेजाऱ्याचं नाव काढावं लागलं, कारण मला आमची एमआयडीसी माहीत आहे. तिथं एकाची भट्टी बंद पडली की तो पॅटर्न हातगाड्यावर घालून भिंतीपलीकडं पाठवतो. पलीकडचा आपलं काम बाजूला ठेवून आधी ह्याचं ओतून देतो. पुढच्या खेपेला उलटं. ना चिठ्ठी, ना चपाटी. विचारलं तर म्हणतात, रस कुणासाठी थांबत नाही. ह्या रिवाजावर तिथले निम्मे कारखाने उभे आहेत, आणि माझ्या दृष्टीनं तो अडतीस पानांच्या कुठल्याही कराराचा भंग आहे.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी सकाळी ते कंपनीची नोटीस घेऊन आले. करार रद्द का करू नये, आठ दिवसांत सांगा.

"काय झालं?"

"भट्टीचं अस्तर गेलतं. चार दिस बंद. माल तर शुक्रवारी द्याचा हुता."

"मग?"

"मग शेजाऱ्याकडं वतून घेटलं."

मी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "बरं. कंपनीला कळलं कसं? कुणी चुगली केली?"

"चुगली कोन करतंय? मीच कळवलं की."

झालं होतं असं. प्रत्येक मालाबरोबर धातूच्या तपासणीचा रिपोर्ट जोडावा लागतो. माल शेजाऱ्याच्या भट्टीतला, म्हणून तपासणीही शेजाऱ्याच्या प्रयोगशाळेत झाली. आणि ह्या गृहस्थांनी तो रिपोर्ट, वर शेजाऱ्याच्या फौंड्रीचं नाव ठळक छापलेलं असताना, जसाच्या तसा कंपनीच्या बिलाला टाचून पाठवला.

"अहो, हे का केलंत?" माझा आवाज चढला होता. टायपिस्ट बाईंनी टायपिंग थांबवलं.

"माल तपासलेला हाय हे त्यास्नी कळाय नको व्हय? बिनतपासणीचा दिला आसं कुनी म्हनाय नको."

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे मी पुष्कळ पाहिले होते. पण त्या धोंड्यावर नाव-पत्ता घालून पोस्टानं पाठवणारा हा पहिलाच. मी त्यांना तसं म्हणालेसुद्धा. ते ओशाळं हसले.

हसण्यासारखं मात्र काही नव्हतं. त्यांच्या भट्टीचं दोनतृतीयांश काम ह्या एका कंपनीचं होतं. पंचाहत्तर माणसं. त्यातली कितीतरी त्यांच्याबरोबर साचे भरत म्हातारी झालेली. करार गेला तर भट्टी आठवड्यातले निम्मे दिवस थंड राहणार, हे मला सांगायला कुणा हिशेबनिसाची गरज नव्हती.

मी कामाला लागले. तीन दिवस मी पत्रं, ई-मेल, चलनं चाळली. कुठंतरी कंपनीकडून एखादी ओळ सापडेल, काहीतरी परवानगीसारखं. काही नाही. चौथ्या दिवशी मी त्यांना म्हणाले, तुमचा फोन द्या. त्यांनी कुरकुर न करता दिला. व्हॉट्सॲपवर कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याचे निरोप होते, बहुतेक सगळे आवाजातले. मी एकेक ऐकत गेले. आणि बरोबर त्या आठवड्यातला एक लागला. आवाज गडहिंग्लज भागातला, घाबराघुबरा.

"मालक, कुठंबी वता, कुनाकडनंबी घ्या, पर शुक्रवारी माल गाडीत पायजे. शेजाऱ्याची भट्टी हाय की तुमच्या. न्हायतर हितं माजं काय खरं न्हाय बगा."

मी खुर्चीतून उठलेच. लेखी परवानगी नव्हती, कबूल. पण कंपनीचाच माणूस शेजाऱ्याकडं ओतून घ्या म्हणतोय. ह्याच्यापुढं त्यांची नोटीस टिकवायला त्यांच्या वकिलांना घाम फुटला असता. मी तो निरोप तिथल्या तिथं माझ्या फोनवर पाठवून घेतला. "हे तुम्ही पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"त्याचं काय सांगायचं?" ते म्हणाले. "ते लावायचं न्हाय."

"काय?"

"त्यो आवाज. त्यो कुठं दावायचा न्हाय. त्याला काढून टाकतील."

मला वाटलं त्यांना नीट समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग भागीदारानं सांगितलं. मग आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचं एकच : तो माणूस आपला समजून बोलला. इस्वासानं बोललेलं चारचौघांत वाजवायचं नसतं.

"त्याची नोकरी जाईल म्हणून तुम्ही तुमची भट्टी घालवणार?"

"त्याच्या दोन पोरी शिकत्यात, म्याडम."

"आणि तुमच्या पंचाहत्तर माणसांच्या पोरी काय घरात बसल्यात?" मी ओरडलेच. पक्षकारावर ओरडू नये हे मला कळतं. पण त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता की टेबलावरचा तो अडतीस पानी करार उचलून त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला.

त्यांनी तो करार उचलून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "ती माजी मानसं हायत. त्यांचं मी बगीन. अर्धी भाकरी तर अर्धी. ह्यो माजा न्हाय. जो आपला न्हाय त्याला आपल्यापायी कसा बुडवायचा?"

 ह्या प्रश्नाचा मला अजून त्रास होतो. पक्षकार नको म्हणेल ते वकिलानं वापरायचं नसतं. इथं कायदा अगदी साधा आहे.

बैठक आमच्याच ऑफिसात झाली. कंपनीची विधी अधिकारी आली होती. तिशीतली, हुशार, अतिशय नम्र. तिच्याबरोबर तो खरेदी अधिकारी. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेला माणूस. टायपिस्ट बाईंनी चहा आणि भडंगाच्या ताटल्या ठेवल्या. माझा फोन माझ्यासमोर टेबलावर उपडा पडला होता.

विधी अधिकारी बाईनं आधी रिपोर्टाचं विचारलं. आमच्या मालकांनी मला सांगितलं होतं तेच सांगितलं. ती क्षणभर लिहायची थांबली. "म्हणजे तुम्ही रिपोर्ट लावला नसता तर आम्हाला कळलंच नसतं?"

"व्हय की," ते म्हणाले.

मग तिनं तो प्रश्न विचारला. तिनं विचारायलाच हवा होता. "आमच्या कंपनीतल्या कुणी तुम्हाला ह्याला परवानगी दिली होती का? तोंडी, फोनवर, कशीही?"

खरेदी अधिकारी भडंगाच्या ताटलीकडं बघत होता. त्यातला एक शेंगदाणा तो बोटानं कडेला सारत होता. मी त्याच्याकडं बघत राहिले. बोल, मी मनातल्या मनात म्हणत होते, अरे, एक वाक्य बोल. तू बोललास तर मला तुझा आवाज लावावा लागणार नाही. टकलापासून मानेपर्यंत तो लाल झाला होता. तो बोलला नाही.

"न्हाय," आमचे मालक म्हणाले. "माजी चूक हाय."

आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतः टाचून पाठवणारा माणूस माझ्या ऑफिसात बसून चक्क खोटं बोलला. तेही स्वतःच्या विरुद्ध. मी नंतर पाऊण तास भांडले. मालात दोष नाही, वेळेवर पोचला, कुणाचं नुकसान नाही, एक संधी द्या. विधी अधिकारी बाईनं सगळं टिपून घेतलं आणि पंधरा दिवसांनी करार रद्द झाल्याचं पत्र आलं. पत्र चांगल्या भाषेत होतं.

पॅटर्न न्यायला ट्रक आला त्या दिवशी मी मुद्दाम गेले. म्हटलं, निदान ताबापावती तरी नीट होऊ दे. तर तिथं चार माणसं पॅटर्न पुसून त्यांना तेल लावत बसलेली. एकाचा कोपरा उडाला होता, तोही नवीन करून बसवलेला. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. ट्रकच्या ड्रायव्हरला भाकरी-आमटी वाढली होती आणि आमचे मालक त्याला अजून एक भाकरी घ्या म्हणून आग्रह करत होते. मी ताबापावतीवर सही घेतली आणि गाडीत बसले.

हे सगळं झाल्यावर आठ महिन्यांनी तो फॉर्म आला. भागीदार म्हणत राहिला, हरलेलं काम कोण लिहितं? आणि मी म्हणत राहिले, मग ह्या तक्त्यात आहे काय आपलं? संमतीचा कागद टाइप करून घेतला आणि फौंड्रीवर गेले.

ते वाळूच्या ढिगाजवळ उभे होते. वजन उतरलेलं दिसलं. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली, त्यात बसवलं. मी विचारलं, माणसं किती कमी केली?

"एकबी न्हाय. पाळी एकच ठेवलीया. समदी तीन-तीन दिस येत्यात. मीबी."

मी कागद पुढं केला. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि मी तोंड उघडायच्या आत सही केली.

"वाचा तरी!" मी जवळजवळ किंचाळले. "कशावर सही केली माहीत आहे?"

"तुमीच लिवलंय न्हवं?" मग त्यांना काहीतरी आठवलं. "म्याडम, ह्यात त्या खरेदीवाल्या पावण्याचं काय न्हाय न्हवं?"

"नाही."

"आन् त्यो आवाज? अजून हाय तुमच्या फोनात?"

मी हो म्हटलं. वकील आहे मी, पुरावा टाकून देत नाही.

"आता पुसा की. आता कशापायी?"

मी फोन काढला. गेल्या आठ महिन्यांत मी तो निरोप किती वेळा ऐकला होता हे त्यांना सांगितलं नाही. त्यांच्यासमोर तो पुसला. त्यांनी मान डोलावली आणि चहा सांगितला.

चहा पिताना माझं लक्ष दाराबाहेर गेलं. भिंतीला टेकवून सात-आठ पॅटर्न ठेवले होते, लाल रंगाच्या खुणेचे. एका पॅटर्नवर दोघं मोल्डर साचा भरत होते.

"नवीन काम मिळालं?" मला बरं वाटलं.

"न्हाय. शेजाऱ्याचं हाय. त्याची भट्टी बंद हाय. गेलं दोन म्हयनं झालं, काय ना काय मोडतंयच त्याचं. मग देतंय धाडून."

पत्र्याच्या पलीकडून, शेजाऱ्याच्या आवारातून, गुणगुण येत होती. चालू भट्टीची ती गुणगुण ज्यानं एकदा ऐकली आहे त्याला दुसरं काही वाटूच शकत नाही. क्रेनची साखळी खळखळली, कुणीतरी "व्हा बाजूला" म्हणून ओरडलं, आणि रस ओतल्यावर येतो तसा जळक्या वाळूचा वास आमच्या खोलीत आला. मी त्यांच्याकडं बघितलं. ते बशीत चहा ओतत होते.

"काही लेखी केलंय का त्यांच्याशी?" सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं.

"कशाला? भट्टी बंद हाय म्हनतोय की त्यो," ते म्हणाले, पलीकडच्या भट्टीच्या आवाजात मला ऐकू यावं म्हणून जरा मोठ्यानं.